तळटीप १२ : ‘एसीत गॅस भरला’

जुन्या मोटारींच्या एसीत आर-१२ वायू असे. तो ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार (१९८७) शीतकरणासाठीचे त्याचे उत्पादन भारताने २०१० पर्यंत बंद केले; आता आर-१३४ए हाच रूढ पर्याय. नुसता नवा गॅस भरला तरी गार हवा येते, मग बाकी उस्तवार कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण जुने खनिज तेल या वायूत मिसळत नाही. ते कॉम्प्रेसरकडे परतत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा घासतो. म्हणून गळती काढून, तेल, ड्रायर व रबरी रिंगा बदलून, व्हॅक्यूम करून, मूळ वजनाच्या सुमारे ८५ टक्केच वायू भरावा. खर्च वाढतो हे खरे. पण सडक अर्जुनीच्या महामार्गावर भर मे महिन्यात जाम झालेला कॉम्प्रेसर त्याहून महाग पडतो.