मोटार रेडिओ व खिशातील संगीतयंत्र : जोडणीच्या पद्धती

वॉकमन, सीडी प्लेअर, आयपॉड, मोबाइल फोन अशा सोबत नेता येणाऱ्या यंत्रातील संगीत मोटारीतल्या रेडिओच्या स्पीकरमधून ऐकण्याच्या पद्धती. एफएम ट्रान्समीटर, कॅसेट अडॅप्टर, ऑक्स केबल आणि ब्लूटूथ या त्यांतील प्रमुख होत. मोटारीचा रेडिओ गाडीइतकाच, म्हणजे पंधरा-वीस वर्षे टिकतो. संगीत ऐकण्याची यंत्रे त्या मानाने फार लवकर बदलतात. या दोहोंतील अंतर भरून काढण्याची गरज प्रत्येक पिढीत पडली आणि तिच्यातून या पद्धती निर्माण झाल्या.

संकेताचा मार्ग : अँटेनावर आलेल्या लहरींतून ट्यूनर हवे ते केंद्र निवडतो. पुढील मंडल वाहक लहरीतून ध्वनिसंकेत वेगळा काढते, अँप्लिफायर तो वाढवतो आणि स्पीकर वाजतो. कॅसेट प्लेअर असल्यास टेप हेडकडून येणारा संकेत ट्यूनरला वगळून पुढे मिळतो. बाहेरचे संगीत या मार्गात कोठे शिरते यावर आवाजाची प्रत बरीचशी ठरते. अँटेनातून शिरल्यास त्याला सर्व टप्पे पार करावे लागतात आणि प्रत्येक टप्प्यावर थोडी घट होते. अँप्लिफायरच्या दाराशीच शिरल्यास घट सर्वांत कमी.

एफएम ट्रान्समीटर : हे मुठीत मावणारे एक प्रक्षेपण केंद्रच असते. संगीतयंत्राचा संकेत घेऊन ते त्यानुसार वाहक लहरीची वारंवारता कमीजास्त करते. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकी अभियंत्याला रुंदपट्टा एफएमची एकस्वे १९३३ मध्ये मिळाली. तेच तत्त्व येथे अत्यल्प शक्तीवर वापरलेले असते. डाव्या व उजव्या बाजूंच्या आवाजांची बेरीज नेहमीच्या जागी आणि वजाबाकी ३८ किलोहर्ट्‌झच्या उपवाहकावर पाठवली जाते. सोबतचा १९ किलोहर्ट्‌झचा पथदर्शक सूर ओळखून रेडिओ दोन्ही बाजू पुन्हा वेगळ्या करतो. अमेरिकेने ही स्टीरिओ पद्धत १९६१ मध्ये स्वीकारली. तिच्यात साधारण १५ किलोहर्ट्‌झपर्यंतचाच ध्वनी जातो. सीडीवरील ध्वनी २० किलोहर्ट्‌झपर्यंत असतो, म्हणून अतितार सुरांचा वरचा भाग येथे गाळला जातो.

आयपॉड २००१ मध्ये आला, तेव्हा बहुतेक गाड्यांत बाहेरचा संकेत घेणारी खाच नव्हती. त्यामुळे ग्रिफिन कंपनीच्या आयट्रिपसारखी (२००३) उपकरणे लोकप्रिय झाली. आयट्रिपला वीज आयपॉडकडूनच मिळे. पुढे सिगारेट लायटरच्या १२ व्होल्टच्या खाचेत बसणारे, फोनही चार्ज करणारे ट्रान्समीटर सर्वत्र मिळू लागले. नोकियाच्या एन७८, एन९०० आणि एन८ या फोनांत तर ट्रान्समीटर आतच बसवलेला होता.

वारंवारतेची निवड : एफएम ग्राहीचा एक गुण येथे निर्णायक ठरतो. एकाच वारंवारतेवर दोन संकेत आले तर ग्राही अधिक बलवान संकेत धरतो आणि दुसऱ्याला जवळजवळ पूर्ण दाबतो. रिकाम्या जागेवर मूठभर यंत्राचा क्षीण संकेत स्वच्छ ऐकू येतो तो याचमुळे, आणि शहरातील केंद्र त्याला क्षणात गिळते तेही याचमुळे. भारतात एफएमचा पट्टा ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्‌झ आहे. मुंबई-पुण्यात ९१.१, ९३.५, ९८.३ अशा ठिकाणी खासगी केंद्रे आहेत. नेमक्या त्याच आकड्यांवर ट्रान्समीटर लावणे निरर्थक; त्यांना अगदी खेटून लावल्यासही केंद्राचा आवाज आत झिरपतो. योग्य रीत अशी : ट्रान्समीटर बंद ठेवून रेडिओ फिरवावा, नुसती एकसारखी खरखर ऐकू येईल अशी जागा शोधावी, तिच्या दोन्ही बाजूंची केंद्रे शक्य तितकी दूर असल्याची खात्री करावी आणि मगच ट्रान्समीटर त्या आकड्यावर आणावा. लांबच्या प्रवासात जागा बदलावी लागते. मुंबईहून निघताना मोकळी असलेली वारंवारता घाट चढून पुण्याजवळ पोहोचेपर्यंत व्यापलेली निघू शकते. अशा दोन-तीन जागा आधीच हेरून ठेवल्यास चालकाला वाटेत शोधाशोध करावी लागत नाही.

जपानमध्ये हा पट्टा ७६ मेगाहर्ट्‌झपासून सुरू होतो आणि तेथील जुन्या रेडिओंत तो ९० पर्यंतच असे. न्यूझीलंडसारख्या देशांत आयात झालेल्या जुन्या जपानी गाड्यांत त्यामुळे ट्रान्समीटरला ९० च्या खालची अरुंद फटच उरते.

आवाजाची पातळी : संकेत फार जोरकस दिल्यास वाहक लहर ±७५ किलोहर्ट्‌झच्या ठरलेल्या मर्यादेबाहेर झोके घेते आणि आवाज फाटतो. फार क्षीण दिल्यास खरखर वर येते. संगीतयंत्राचा आवाज कमाल पातळीच्या थोडा खाली स्थिर ठेवावा व पुढची कमीजास्त रेडिओच्या बटणानेच करावी. एफएममध्ये तार सूर पाठवताना वाढवतात आणि ग्राहीत तितकेच उतरवतात. या क्रियेचे मान अमेरिकेत ७५ मायक्रोसेकंद, तर युरोप व भारतात ५० मायक्रोसेकंद आहे. अमेरिकी मानाचे यंत्र येथे वापरल्यास आवाज किंचित कर्कश वाटतो. रेडिओचा ट्रेबल उतरवून तो सुधारता येतो.

कायदेशीर मर्यादा : ट्रान्समीटरची शक्ती मुद्दाम अत्यल्प ठेवलेली असते. अमेरिकेत तीन मीटर अंतरावर क्षेत्राची तीव्रता दर मीटरला २५० मायक्रोव्होल्टपेक्षा अधिक असू नये असा नियम आहे. युरोपात शक्तीची मर्यादा ५० नॅनोवॅट आहे. ब्रिटनमध्ये अशी उपकरणे डिसेंबर २००६ पर्यंत बेकायदा होती. मर्यादा ओलांडणारे यंत्र शेजारच्या गाडीतील श्रोत्याचे केंद्र हिसकावून घेते. आपले गाणे आपल्या गाडीपुरते राहावे हा या नियमांचा हेतू असून तो न्याय्य आहे.

कॅसेट अडॅप्टर : फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेल्या कॉम्पॅक्ट कॅसेटच्याच आकाराची, पण आत फीत नसलेली ही पेटी असते. तिच्यातील चुंबकीय हेड प्लेअरच्या हेडसमोर नेमके येते. वायरीतून आलेल्या संकेताने त्यात बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि प्लेअरला फीतच सरकत असल्याचा अनुभव येतो. आतील दातेरी चक्रे केवळ चकत्या फिरत्या ठेवतात, कारण चकती थांबताच अनेक प्लेअर फीत संपली असे समजून बाजू बदलतात किंवा कॅसेट बाहेर टाकतात. यात प्रक्षेपण नसल्याने केंद्रांचा अडथळा येत नाही. डॉल्बीचे बटण मात्र बंद ठेवावे, नाहीतर तार सूर दबतात.

ऑक्स केबल : रेडिओच्या ३.५ मिलिमीटरच्या खाचेतून संकेत थेट अँप्लिफायरपाशी पोहोचतो. खाच असेल तर अॅनालॉग जोडण्यांत ही सर्वांत चांगली. फोन गाडीच्याच खाचेतून चार्ज होत असताना इंजिनाच्या गतीबरोबर चढउतार करणारी शिटी ऐकू आल्यास दोष बहुधा अर्थिंगच्या दोन वाटांमुळे झालेल्या वेटोळ्याचा असतो. चार्जर काढल्यावर शिटी थांबली की निदान पक्के होते. वायरीत लहान ट्रान्सफॉर्मर असलेला आयसोलेटर घातल्यास ती जाते.

ब्लूटूथ : यात संगीत अंकीय रूपात, संकोचित होऊन बिनतारी जाते. रेडिओतच ब्लूटूथ असल्यास वेगळे काही लागत नाही. जुन्या रेडिओसाठी दोन मार्ग आहेत : ऑक्सच्या खाचेत बसणारा ब्लूटूथ ग्राही, किंवा ब्लूटूथ असलेला एफएम ट्रान्समीटर. दुसऱ्यात संकोच आणि प्रक्षेपण या दोन्हींची घट एकत्र होते, म्हणून ऑक्स असल्यास पहिलाच घ्यावा.

आजचे स्थान : नव्या गाड्यांत ब्लूटूथ व यूएसबी सर्रास असल्याने या साधनांचा मुख्य उपयोग जुन्या गाड्यांत उरला आहे. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम प्रक्षेपण बंद केले, तेव्हा जुन्या गाड्यांत डिजिटल रेडिओचे कार्यक्रम पोहोचवण्यासाठीही एफएम ट्रान्समीटर असलेले अडॅप्टर उपयोगी पडले. ऑक्स असल्यास ऑक्स, नसल्यास कॅसेट, तीही नसल्यास एफएम, हा निवडीचा साधा क्रम होय. धडधाकट रेडिओ केवळ जुना झाला म्हणून काढून टाकण्याची गरज या तिन्ही पद्धती टाळतात. त्यामुळे खर्च वाचतो, इलेक्ट्रॉनिक कचरा घटतो आणि गाडीच्या मूळ रचनेला हात लागत नाही. पद्धत कोणतीही असो, गाण्यांची निवड आणि वारंवारतेची जुळणी गाडी उभी असतानाच करावी.