नावडता तिसरा सीझन



इतिहासाच्या या गप्पांमध्ये आज एका टीव्ही मालिकेच्या एका सीझनबद्दल बोलायचंय. मालिका 'स्टार ट्रेक', सीझन तिसरा, साल १९६८-६९. जुन्या चाहत्यांना विचारलंत की तीनपैकी सगळ्यात कच्चा सीझन कोणता, तर बहुतेक जण याचंच नाव घेतील. पण हा कच्चा सीझन बनला नसता, तर 'स्टार ट्रेक' हे नाव आपल्यापर्यंत पोचलं असतं का, याची मला दाट शंका आहे. नवा सीझन बनतो म्हणजे नक्की काय होतं, कोण ठरवतं, पैसे कुठून येतात आणि त्यातून शेवटी काय उरतं, हे सगळं या एका उदाहरणात दिसतं.

हा विषय मी भिलाईत बसून मांडतेय, त्यालाही कारण आहे. आमच्या भागात टीव्हीच मुळी विज्ञानकथेसारखा आला. १ ऑगस्ट १९७५ ला 'साइट' नावाचा प्रयोग सुरू झाला. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह एका वर्षासाठी भारताला मिळाला होता, आणि सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत इस्रोने थेट उपग्रहावरून कार्यक्रम पोचवले. तेव्हाच्या मध्य प्रदेशातला जो पट्टा निवडला होता, तो हा रायपूरकडचा, छत्तीसगडचा. गंमत बघा, कोलकाता आणि मद्रासला दूरदर्शन केंद्र सुरू झालं ते त्याच महिन्यात, पण नंतर. म्हणजे इथल्या काही खेड्यांनी टीव्ही या दोन महानगरांच्या आधी पाहिला!

पृथ्वीबरोबर फिरणाऱ्या उपग्रहांवरून संदेश पाठवता येतील, हे १९४५ मध्ये लेख लिहून मांडणारे आर्थर क्लार्क तेव्हा श्रीलंकेत राहत होते. विज्ञानकथेतलं एवढं मोठं नाव. इस्रोने त्यांच्या कोलंबोच्या घरी एक अँटेना बसवून दिली. तेव्हा छत्तीसगडच्या खेड्यातला शेतकरी आणि क्लार्क, दोघंही एकाच उपग्रहावरून येणारे कार्यक्रम पाहत होते.

३१ जुलै १९७६ ला ते वर्ष संपलं. उपग्रह नासाचा होता, तो परत गेला. १९७७ मध्ये रायपूरला जमिनीवरचं प्रक्षेपण केंद्र आलं, म्हणून निदान या पट्ट्यातला टीव्ही चालू राहिला. एखादी गोष्ट लोकांना आवडली, तिचा उपयोग झाला, तरी ती पुढे चालेल की नाही हे भलतंच कुणीतरी ठरवतं. हा मुद्दा लक्षात ठेवा आणि आता माझ्याबरोबर १९६७ च्या अमेरिकेत चला.

'स्टार ट्रेक'चा जनक जीन रॉडनबेरी. युद्धात बॉम्बर विमानं चालवलेली, नंतर लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्यात नोकरी, आणि मग टीव्हीसाठी लेखन. त्याने बनवलेला पहिला नमुना भाग एनबीसी या वाहिनीने नापसंत केला. पण दुसरा नमुना करायला पैसे दिले, आणि ही त्या काळात क्वचित घडणारी गोष्ट होती. मालिका बनवणारा स्टुडिओ होता डेसिलू, आणि त्याची मालकीण होती विनोदी अभिनेत्री लुसिल बॉल. ८ सप्टेंबर १९६६ ला पहिला भाग दाखवला गेला.

प्रेक्षकसंख्या पहिल्यापासून बेताची. तरी मालिका दोन वर्षं टिकली. त्याचं एक कारण असंही सांगतात की एनबीसीची मालक कंपनी आरसीए ही रंगीत टीव्ही संच विकत होती, आणि लाल, निळे, पिवळे गणवेश मिरवणारी ही मालिका त्या रंगीत संचांची चांगली जाहिरात होती. दरम्यान १९६७ मध्ये लुसिल बॉलने स्टुडिओ विकला आणि तो पॅरामाउंटच्या ताब्यात गेला. नव्या मालकाला या खर्चिक मालिकेचं फारसं कौतुक नव्हतं. दुसरा सीझन अर्ध्यावर असतानाच बातमी पसरली की मालिका बंद होणार.

मग बीजो आणि जॉन ट्रिंबल या जोडप्याने पत्रमोहीम उभी केली. आज आपण सहज हॅशटॅग चालवतो. तेव्हा पत्रकं छापून, पाकिटं चिकटवून, विज्ञानकथा वाचणाऱ्यांच्या याद्या मिळवून हे काम करावं लागलं. त्यांची रीत शिकण्यासारखी होती. प्रत्येकाने स्वतः पत्र लिहायचं आणि आणखी दहा जणांना लिहायला सांगायचं. भाषा सभ्य ठेवायची, मजकूर आपल्या शब्दांत लिहायचा. जानेवारी १९६८ मध्ये कॅलटेकच्या विद्यार्थ्यांनी मशाली घेऊन बरबँकमधल्या एनबीसीच्या कचेरीवर मोर्चा नेला. एनबीसीच्या हिशेबाने पत्रांचा आकडा लाखावर गेला. स्टुडिओतल्याच काहींनी पुढे सांगितलं की खरा आकडा त्याहून बराच कमी होता. आकडा काहीही असो, परिणाम सगळ्यांनी पाहिला. १ मार्च १९६८ ला एका भागाच्या शेवटी एनबीसीने जाहीर केलं की मालिका पुन्हा येणार आहे. वाहिनीला प्रेक्षकांसाठी पडद्यावरून असा खुलासा करावा लागणं ही साधी गोष्ट नव्हती.

तिसऱ्या सीझनला मंजुरी मिळाली, पण तो बनवायला लागणाऱ्या गोष्टी एकेक करून निसटत गेल्या.

आधी गेली वेळ. सोमवारी संध्याकाळी साडेसातची जागा मिळणार असं ठरत होतं. पण त्या संध्याकाळी एनबीसीचाच 'लाफ-इन' हा अत्यंत लोकप्रिय कार्यक्रम होता, आणि त्याला धक्का लावायला कुणी तयार नव्हतं. शेवटी 'स्टार ट्रेक'च्या वाट्याला आली शुक्रवार रात्री दहाची वेळ. मालिकेचा प्रेक्षक म्हणजे शाळा-कॉलेजची मुलं. शुक्रवारी रात्री दहाला ती एकतर बाहेर, नाहीतर झोपलेली. घरी रेकॉर्ड करून ठेवायची सोय तेव्हा नव्हतीच.

मग माणसं गेली. सोमवारची वेळ दिली तर मी स्वतः रोजचं काम बघेन, असं रॉडनबेरी म्हणाला होता. ती मिळाली नाही, आणि तो नावापुरता कार्यकारी निर्माता राहिला. जीन कून हा उत्तम लेखक-निर्माता आधीच बाहेर पडला होता. कथा-संपादक डी. सी. फोंटाना यांनीही ते पद सोडलं.

आणि पैसे कमी झाले. पहिल्या सीझनला भागामागे साधारण १ लाख ९० हजार डॉलर मिळत होते, ते आता १ लाख ८० हजारांच्या आसपास आले. घट लहान वाटते. पण या काळात कलाकारांचं मानधन वाढलं होतं, त्यामुळे सेट, पोशाख आणि बाहेरच्या चित्रीकरणासाठी हातात फार थोडं उरत होतं. म्हणून या सीझनमधल्या कितीतरी कथा यानाच्या आतच घडतात, कारण तो सेट तयार होता. 'स्पेक्टर ऑफ द गन' या भागात गावातल्या घरांना नुसत्या पुढच्या भिंती आहेत आणि मागे लाल आकाश. 'द एम्पथ' तर जवळजवळ रिकाम्या काळ्या रंगमंचावर घडतो. काटकसरीतूनच इथे एक वेगळा परिणाम साधला गेला.

या अवस्थेत निर्माता म्हणून आला फ्रेड फ्रायबर्गर. दुसऱ्या महायुद्धात विमान पडून जर्मनीत युद्धकैदी झालेला माणूस. सीझन पडला, त्याचं खापर चाहत्यांनी आयुष्यभर त्याच्या डोक्यावर फोडलं. त्यात किती तथ्य आहे? सीझनची सुरुवात ज्या भागाने झाली तो 'स्पॉक्स ब्रेन' आजही थट्टेचा विषय आहे. स्पॉकचा मेंदूच चोरीला जातो आणि कर्क तो शोधत फिरतो, अशी ती कथा. पण ती लिहिली होती त्याच जीन कूनने, टोपणनावाने. मालिकेचा सगळ्यात चांगला लेखक आणि सगळ्यात बदनाम भाग, असा हा मेळ आहे. उहुराचं काम करणाऱ्या निशेल निकोल्स यांनी आपल्या आत्मकथेत फ्रायबर्गरची बाजू घेतली आहे. हातात जे होतं त्यात त्याने शक्य तेवढं केलं, असं त्यांचं मत.

आणि याच निकोल्स यांच्यामुळे या सीझनमधला एक क्षण इतिहासात गेला. २२ नोव्हेंबर १९६८ च्या भागात गोरा कर्क आणि कृष्णवर्णीय उहुरा यांचं चुंबन दाखवलं गेलं. अमेरिकन टीव्हीवर असं काही दाखवायला तेव्हा हिंमत लागत होती. मार्टिन लूथर किंग यांची हत्या त्याच वर्षी एप्रिलमध्ये झाली होती.

३ जून १९६९ ला शेवटचा भाग लागला आणि मालिका बंद पडली. पुढच्या महिन्यात माणूस चंद्रावर उतरला.

आता जरा हिशेब मांडू. पहिल्या सीझनचे २९ भाग, दुसऱ्याचे २६, तिसऱ्याचे २४. एकूण ७९. बंद झालेल्या मालिका अमेरिकेत छोट्या स्थानिक वाहिन्यांना विकल्या जात, आणि त्या वाहिन्या रोज एक भाग, आठवड्याचे पाच दिवस दाखवत. ५५ भाग अकरा आठवड्यांत संपतात. ७९ भाग जवळजवळ सोळा आठवडे पुरतात. भाग जितके जास्त, तितका माल विकायला सोपा. तिसऱ्या सीझनने मालिकेला हे वजन दिलं. मग मुलं शाळेतून घरी येण्याच्या वेळी ती दिसू लागली, आणि जो प्रेक्षक एनबीसीला शुक्रवारी रात्री सापडला नाही, तो इथे सापडला. १९७२ मध्ये न्यूयॉर्कला चाहत्यांचं संमेलन भरलं. १९७६ मध्ये पुन्हा पत्रं लिहून चाहत्यांनी नासाच्या पहिल्या स्पेस शटलला 'एंटरप्राइज' हे नाव मिळवून दिलं. १९७९ मध्ये चित्रपट आला, १९८७ मध्ये नवी मालिका.

याच वाटेने फिरत फिरत ही मालिका ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवर आली, रविवारी सकाळी. भिलाईच्या सेक्टरांमधल्या क्वार्टरांवर तेव्हा रायपूरच्या दिशेला तोंड केलेल्या अँटेना असत. रशियन इंजिनिअरांनी उभ्या केलेल्या कारखान्याच्या गावात अमेरिकन यानाची गोष्ट पाहताना, त्या यानावर चेकोव्ह नावाचा एक रशियनही आहे, याचं आम्हा मुलांना भारी अप्रूप. कोणता भाग कोणत्या सीझनचा, हे आम्हाला कुठे कळत होतं? आमच्यासाठी सगळे भाग सारखेच नवे होते.

मग आपल्या मालिकांचं काय? १९८९ मध्ये 'इंद्रधनुष' आली. त्यात गिरीश कर्नाड होते, आणि पुढे 'लगान' करणारे आशुतोष गोवारीकरही. त्याच सुमारास 'स्पेस सिटी सिग्मा' होती. १९९८ मध्ये केतन मेहतांची 'कॅप्टन व्योम' आली, बारा फरार कैद्यांचा पाठलाग करणारा मिलिंद सोमण घेऊन. यांच्याबाबत सीझन ही कल्पनाच नव्हती. दूरदर्शनवर प्रायोजित मालिका सहसा तेरा भागांच्या हिशेबात मंजूर होई. पुढचं वाढवून मिळालं तर मिळालं. तो निर्णय मंडी हाउस आणि प्रायोजक यांच्यात होई.

आपले प्रेक्षक पत्रं लिहीत नव्हते असं मुळीच नाही. 'सुरभि' या कार्यक्रमाला १९९३ मध्ये एका आठवड्यात चौदा लाखांवर पत्रं आल्याची नोंद आहे. टपाल खात्याला स्पर्धांसाठी वेगळं, जास्त किमतीचं पोस्टकार्ड काढावं लागलं. म्हणजे पोस्टकार्डं होती, उत्साहही होता. पण ती पत्रं प्रश्नमंजूषेच्या उत्तरांची होती. आवडती मालिका चालू ठेवा, असं सांगणारं पत्र कुणाला आणि का लिहायचं, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही, आणि आपणही विचारलं नाही.

मला तिसऱ्या सीझनचं महत्त्व इथे वाटतं. ट्रिंबल दांपत्याला आणि त्या हजारो लोकांना जे हवं होतं, ते त्यांना मिळालं नाही. त्यांना मालिका होती तशीच हवी होती. मिळाली ती कमी पैशातली, अडनिड्या वेळेची, चांगले लेखक गमावलेली. कुणी म्हणेल, मग एवढा खटाटोप फुकटच गेला. तो फुकट गेला नाही. त्या दुबळ्या २४ भागांनी आधीचे ५५ भाग जगवले. भिलाईत भट्टीवर काम केलेल्या कुणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही. ब्लास्ट फर्नेस एकदा थंड झाली की पुन्हा पेटवणं महाकठीण. म्हणून उत्पादन कमी असलं, माल हवा तसा नसला, तरी पाळी चालू ठेवतात.

तुमच्या गावातलं वाचनालय असेल, परप्रांतातल्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक असेल, एखादी एकांकिका स्पर्धा असेल. यंदाचा अंक मागच्यापेक्षा बारीक निघाला, यंदा नाटकं पडली, म्हणून बंद करू या, अशी भाषा सुरू होते. तेव्हा हा नावडता सीझन आठवा. आणि चालू ठेवा असं जर तुम्हाला वाटत असेल, तर ते मनात ठेवू नका. जो ठरवणार आहे त्याला लिहून कळवा, आपल्या शब्दांत, सभ्य भाषेत. आणि आणखी दहा जणांना लिहायला सांगा.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात भेटू.