अलार्म वाजलाच नाही

14 ऑगस्ट 2003 ची रात्र. सकाळी झेंडावंदन, म्हणून तलासरीत पोरांचे पांढरे कपडे इस्त्री करून ठेवलेले. अमेरिकेतल्या ओहायोत तेव्हा भर दुपार होती. खालच्या वेळा मात्र आपल्या घड्याळाच्या.

रात्री 11.44. फर्स्टएनर्जी या वीज कंपनीतला अलार्मचा प्रोग्रॅम अडकला. दोन प्रोसेस एकाच माहितीवर एकाच क्षणी लिहायला गेल्या आणि कोडमधल्या चुकीमुळे दोघींनाही वाट मिळाली. माहिती विस्कटली, प्रोग्रॅम लूपमध्ये फिरत बसला. स्क्रीन शांत.

हाच उद्योग मी घोलवडच्या एका वखारीत करून बसलोय. चिकूचं वजन काट्यावरून वाचणारा थ्रेड (प्रोग्रॅममधलं समांतर चालणारं काम) मी थेट स्क्रीनवरचा आकडा बदलायला लावला होता. आठवडाभर झकास चाललं. मग आकडा 21.400 वर थिजला आणि हमाल क्रेटमागून क्रेट चढवतच राहिला. स्क्रीनवरच्या खिडकीला हात एकाच थ्रेडनं लावायचा, बाकीच्यांनी निरोप रांगेत टाकायचा. जावात त्यासाठी इन्व्होकलेटर आहे, डॉटनेटमध्ये बिगिनइन्व्होक. ठाऊक होतं हो, कंटाळा केला.

12.02. फर्स्टएनर्जीला शेजारच्या एईपी कंपनीचा फोन: सामायिक लाइन पडून परत लागली, तुमच्याकडे दिसलं का? ऑपरेटरनं स्क्रीन पाहिली. अलार्म नाही, म्हणजे काही झालं नसणार.

12.11. मुख्य सर्व्हर बसला. राखीव सर्व्हरकडे अडकलेला प्रोग्रॅम अडकलेलाच गेला, 12.24 ला तोही बसला. एकेक स्क्रीन बदलायला 59 सेकंदांपर्यंत लागू लागले. आयटीवाल्यांनी सर्व्हर उठवला, पण अलार्म येतायत का, हे ऑपरेटरांना कोणी विचारलं नाही.

12.35. हार्डिंग-चेंबरलिन लाइन झाडाला टेकून गेली. भार क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी होता.

1.02. दुसरी लाइन. पुन्हा झाड.

1.11. तिसरी. तेच.

1.12. ऑपरेटरनं आयटीला कळवलं: सिस्टीम बिघडलीय. अलार्म अडकल्यापासून 88 मिनिटं गेली होती.

1.35. सॅमिस-स्टार लाइन सुटली, या वेळी झाडाविना, निव्वळ भारानं. आता थांबवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

1.40 ते 1.43. आठ राज्यं आणि कॅनडाचा ऑन्टारिओ मिळून 61,800 मेगावॅटचा भार गेला. आपलं डहाणूचं वीजकेंद्र 500 मेगावॅटचं. तशी सव्वाशे धरा. 5 कोटी लोकांची लाइट गेली. न्यूयॉर्कमध्ये भुयारी गाड्या जागीच थांबल्या आणि ऑफिसातली माणसं पूल ओलांडून पायी घरी निघाली.