सैन्यात अधिकारी व्हायचे आहे? मग कॉलेज निवडतानाच हे पाहा

उचगाव परिसरातल्या आपल्या वस्त्यांमध्ये सैन्याचे नाव काढले की मुले भरती अकॅडमीकडे वळतात. पहाटेचे धावणे, अकॅडमीची फी आणि अग्निवीरची तयारी सुरू होते. जवान होण्यात काहीच कमीपणा नाही; सुभेदार रामजींचा वारसा आपण अभिमानानेच सांगतो. पण बारावी झालेल्या मुलामुलींना अधिकारीपदाचा रस्ता कोणी दाखवत नाही. तो कॉलेजच्या प्रवेशापासून सुरू होतो.

आधी एक गैरसमज दूर करू. अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण कोणतेही कॉलेज देत नाही. ते निवड झाल्यावर डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत किंवा चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत होते. ‘मिलिटरी’ नावाच्या पाटीला भुलू नका. कॉलेज देऊ शकते ती एनसीसी, आणि तिचे ‘सी’ सर्टिफिकेट.

त्याचा उपयोग मोठा आहे. ‘सी’ला किमान ‘बी’ ग्रेड आणि पदवीला ५० टक्के असतील, तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून अर्ज करता येतो. यात सीडीएसची लेखी परीक्षा नसते. अर्जांची छाननी होऊन थेट एसएसबीच्या पाच दिवसांच्या मुलाखतीला बोलावणे येते. मुलींनाही ही संधी आहे.

म्हणून प्रवेशाआधी कॉलेजात विचारा: एनसीसीचे युनिट आहे का, मुलींना जागा आहेत का, गेल्या वर्षी किती जण ‘सी’ परीक्षेला बसले? कोल्हापुरात राजाराम, विवेकानंद अशा जुन्या कॉलेजांत एनसीसी आहे. जागा ठरावीक असतात आणि निवड पहिल्या वर्षाच्या सुरुवातीलाच होते. ‘सी’पर्यंत पोहोचायला तीन वर्षे लागतात, दुसऱ्या वर्षी जाग आली तर उशीर झालेला असतो. मुक्त विद्यापीठाची पदवी सीडीएसला चालते, पण घरी बसून एनसीसी मिळत नाही.

खरी अडचण परेडची. ७५ टक्के हजेरी लागते, शिवाय कॅम्प. एमआयडीसीत शिफ्ट करून शिकणाऱ्या मुलाला हे जड जाते, आणि घरची कमाई सोड असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार? शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरणे, शिफ्ट बदलून घेणे, यात मंडळांनी मदत करावी. जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा इकडे वळला तरी चालेल.

अधिकारी भरतीत आरक्षण नाही. सीडीएसला अनुसूचित जातीच्या उमेदवाराला फी माफ आहे, एवढेच. १८९०च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. पुढे बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४१ मध्ये शेजारच्या बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. या रेजिमेंटमधून कृष्णराव आणि सुंदरजी हे लष्करप्रमुख झाले. त्या खुर्चीपर्यंत आपली मुले किती पोहोचली, हा प्रश्न आपणच विचारायला हवा.

एसएसबीसाठी हजारोंची फी भरण्याआधी नाशिकरोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्राची चौकशी करा. राज्य शासनाचे हे प्रशिक्षण मोफत असते आणि एनसीसी ‘सी’धारकांनाही तिथे प्रवेश मिळतो. माहिती कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळेल.