जंतू मारला, तरी पिल्लं का गेली?

आजचा एपिसोड सुरू होतो पुलगावात, माझ्या आजीच्या खुराड्यापाशी. मागच्या पावसाळ्यात तिच्या पिल्लांना रक्ती हगवण लागली. आजीने दुकानातून अँटिबायोटिक आणून पाण्यात घातलं. तरी निम्मी पिल्लं गेली. डॉक्टर आले, खुराड्यातला ओला भुसा बघून म्हणाले, "आजी, जंतू नंतर आला. आधी परजीवी आला होता."

मी पडलो कोड लिहिणारा. एरर दिसते एका फाइलमध्ये आणि बग असतो दुसऱ्याच. म्हटलं, जरा मागे जाऊन बघू.

१८७९-८० मध्ये लुई पाश्चरने कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा जंतू कमजोर करून लस बनवली. एक रोग, एक जंतू, हे डोक्यात पक्कं बसण्याचा तो काळ. आपल्याकडे १८८९ मध्ये पुण्यात जनावरांच्या रोगांसाठी सरकारी प्रयोगशाळा निघाली. तीच पुढे मुक्तेश्वरला गेली, आजची आयव्हीआरआय.

पण हिशोब इतका सरळ नव्हता. १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये पॅरिश यांनी कोंबडीचं आतडं सडवणाऱ्या एका रोगाचं वर्णन केलं. जंतू होता क्लॉस्ट्रिडियम. गंमत म्हणजे हा जंतू धडधाकट कोंबडीच्या पोटातही असतो! मग तो उलटतो कधी? बऱ्याचदा आयमेरिया नावाचा परजीवी आतड्याचं अस्तर फोडतो तेव्हा. जखमेतून प्रथिनं पाझरतात, जंतूला आयतं जेवण मिळतं, तो वाढतो आणि विष सोडतो.

आणि पाश्चरचा तो कॉलरा? २००२ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी दाखवलं की पोटात गोल जंत असलेल्या कोंबड्यांना तो जास्त जड जातो. म्हणजे अंगणात मोकळ्या फिरणाऱ्या आपल्या गावरान कोंबड्यांचीच गोष्ट.

आता यात आपलं काय? स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं बंद केलं, तेव्हा आतड्याचा हाच रोग डोकं वर काढू लागला. भारतानेही २०१९ मध्ये कोलिस्टिनवर जनावरांसाठी बंदी घातली, कारण माणसाचं ते शेवटच्या फळीतलं औषध. उगाच वापरून ते बोथट झालं, तर उद्या दवाखान्यात आपल्याच माणसाला लागू पडणार नाही.

आजी आता भुसा कोरडा ठेवते आणि डॉक्टरांना विचारूनच जंताचं औषध देते. तुमच्या घरी कोंबड्या असतील तर आधी खुराड्यात हात घालून बघा, भुसा ओला आहे का?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!