चुका आणि सॉरेल

दिवाळीचे गोडधोड दोन दिवस खाल्ले, की जीभ आंबट काहीतरी मागू लागते आणि चुक्याच्या जुडीची आठवण होते. मराठीच्या तासाला मी या भाजीचा हटकून उपयोग करतो. फळ्यावर नुसते ‘चुका’ लिहिले, की अर्धा वर्ग शुद्धलेखनाची वही आठवतो आणि उरलेला अर्धा जेवणाचा डबा! दोघेही बरोबर, पण या दोन शब्दांचे एकमेकांशी काडीचे नाते नाही. भाजीचा चुका संस्कृत ‘चुक्र’ म्हणजे आंबट, यावरून आला. वहीतली चूक प्राकृतातल्या ‘चुक्क’ची लेक.

या चुक्याला इंग्रज सॉरेल म्हणतात, आणि त्या शब्दाच्या नशिबीही हाच घोटाळा आला आहे. भाजीचा सॉरेल जुन्या फ्रेंचमधल्या ‘सुर’, म्हणजे आंबट, या शब्दापासून निघाला. पण इंग्रजीत तांबूस घोड्यालाही सॉरेलच म्हणतात! हाही फ्रेंचमार्गेच आला, मात्र निराळ्या घरातून. त्याच्या मुळाशी ‘वाळलेला’ या अर्थाचा जर्मानिक शब्द आहे. एकाच्या पोटी हिरव्या पानाची चव, दुसऱ्याच्या पोटी वाळल्या पानाचा रंग.

या दुसऱ्या सॉरेलने इतिहासातही पाऊल टाकले आहे. इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याच्या घोड्याचे नाव सॉरेल. १७०२ च्या फेब्रुवारीत तो अडखळला, राजा पडला, गळ्याजवळचे हाड मोडले आणि मार्चमध्ये त्याचा अंत झाला. याच विल्यमचा वकील सर विल्यम नॉरिस १७०१ साली, पन्हाळ्याला वेढा घालून बसलेल्या औरंगजेबाच्या छावणीत व्यापाराच्या सवलती मागायला आला होता. तो हात हलवीत परतला आणि राजापाठोपाठ त्याच वर्षी वाटेत समुद्रावरच वारला.

वेस्ट इंडीजमध्ये आणखी एक सॉरेल भेटतो. तो म्हणजे आपली लाल अंबाडी. गुलामांच्या व्यापाराच्या काळात ती आफ्रिकेतून तिकडे गेली. तिच्या लाल बोंडांचे आंबटगोड पेय तिथे नाताळात घरोघर करतात. अंबाडी आणि चुका वनस्पती म्हणून दूरच्या. पण नाव एक झाले ते आंबटपणामुळे. म्हणजे इथे नाते खरे आहे, आणि ते चवीचे आहे.

हे सारे सांगण्याचे कारण असे, की नावाच्या नुसत्या उच्चारावरून गावांचे आणि घराण्यांचे इतिहास रचण्याची आपल्याकडे फार हौस. दोन आडनावे कानाला सारखी लागली, की लगेच भाऊबंदकी जुळते. कधी तिच्यावरून मानपानाची भांडणेही होतात. वाचकहो, अशा वेळी आधी जुना कागद मागावा, शब्द कोणत्या वाटेने आला ते विचारावे. तोवर भाजीचा चुका वहीतल्या चुकांत मिसळू नये, हे बरे.