कोंबडीचा पाय आणि चिमूटभर मँगनीज

हाडांचा विकार म्हटला की आपल्याला प्रथम कॅल्शियम आठवते. आपण वर्गात तसेच शिकवतो. पण कोंबडीच्या आहाराच्या इतिहासात कॅल्शियम वाढवल्याने पाय अधिकच बिघडल्याचे एक उदाहरण आहे.

१९२३ साली अमेरिकेतील डेलावेअर राज्यात सेसिल स्टील या शेतकरी बाईंनी ५० पिले मागवली. चुकून ५०० आली. त्यांनी ती मांसासाठी वाढवून विकली. त्यात नफा झाला आणि शेजाऱ्यांनीही तोच धंदा धरला. पुढे कोंबड्या अंगणातून बंद शेडमध्ये आल्या. ऊन मिळेना, म्हणून त्यांना कॉड माशाच्या यकृताचे तेल देऊ लागले. त्यातील ड जीवनसत्त्वामुळे मुडदूस आटोक्यात आला.

तरीही अनेक पिले लंगडू लागली. घोट्याचा सांधा सुजे, पायाची हाडे आखूड व जाड होत आणि सांध्यामागची कंडरा खोबणीतून घसरून पाय बाजूला वळे. असे पिलू खाद्यापर्यंतही पोचू शकत नसे. या विकाराला ‘पेरोसिस’ म्हणतात.

पाय मजबूत व्हावेत म्हणून खाद्यात हाडांचा चुरा घालणे साहजिक होते. पण त्यातले कॅल्शियम फॉस्फेट वाढले की विकारही वाढे. आजारी पिलांची हाडे जाळून राख तपासली, तर तिच्यात खनिजे कमी नव्हती. मग अतिरिक्त फॉस्फेट हेच कारण मानायचे का?

१९३६ साली कॉर्नेल विद्यापीठातील विल्गस, नॉरिस आणि ह्यूसर यांनी दाखवले, की खाद्यात थोडेसे मँगनीज मिसळले तर हा विकार टळतो. मक्यात मँगनीज फार कमी असते. गव्हाच्या किंवा तांदळाच्या कोंड्यात भरपूर असते. जादा कॅल्शियम फॉस्फेट आतड्यात मँगनीजला धरून ठेवते, त्यामुळे आहे तेही पिलाला मिळत नाही. म्हणजे एका क्षाराच्या अतिरेकामागे दुसऱ्याची उणीव लपली होती.

मँगनीज नेमके काय करते? हाड आधी कूर्चेच्या साच्यात वाढते. १९६२ साली लीच आणि म्यून्स्टर यांना असे आढळले, की मँगनीज कमी पडले तर पिलांच्या हाडांतील म्युकोपॉलिसॅकराइडे घटतात. ही द्रव्ये कूर्चेच्या बांधणीला लागतात. चुना मुबलक असला, तरी साचाच कच्चा राहतो.

कोलीन किंवा बायोटिन कमी पडले तरी असाच विकार होतो, हेही पुढे कळले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली मांसल कोंबड्यांसाठी किलोमागे ६० मिलिग्रॅम मँगनीजाची शिफारस केली. एका क्विंटल खाद्याला हे फक्त ६ ग्रॅम होतात.

आम्ही विद्यार्थ्यांना हा इतिहास सांगतो, तेव्हा हाडांच्या राखेपाशी थांबतो आणि विचारतो, ‘यापुढे तुम्ही कोणता प्रयोग केला असता?’ बहुतेक जण फॉस्फेट कमी करायला सांगतात. त्याने विकार कमीही होतो. पण मूळ कारण कळत नाही. आपल्या वर्गातही हा प्रश्न विचारून पाहावा.